स्वस्तातलं, पण तेच

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तीस वर्षांनी एकत्र येतोय, तर काही जणांनी आपापल्या कामधंद्यातलं थोडं सांगावं, असं संयोजकांनी ठरवलं. आपल्या डॉक्टर मित्राने आत्ताच मधुमेहावर सांगितलं. त्याचा परिणाम किती झाला, ते पानात जिलबी आली की कळेल. माझ्याकडे सांगण्यासारखं आहे ते दुरुस्तीचं. खोपोलीत माझं छोटं दुकान आहे. मिक्सर, रिमोट, इस्त्री, मोबाइल, जे बिघडेल ते येतं. त्यातच गेली काही वर्षं हातात धरून खेळायचे जुने व्हिडिओ गेमही येतात. काही लहान मुलांचे असतात. काही आपल्या वयाच्या बाप्यांचे असतात, पण तेही "मुलाचा आहे" असंच सांगतात.

आज मी या यंत्रांबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही एकाच गोष्टीबद्दल. असं यंत्र जुनं होत आलं, की कंपनी त्याची स्वस्तातली आवृत्ती काढते. तेव्हा त्यातून काय वगळते आणि काय ठेवते? विषय पोरखेळाचा वाटेल. पण जेवणानंतर आपण शाळेला काय द्यायचं ते ठरवायला बसणार आहोत, आणि तिथेही प्रश्न हाच येणार आहे. पैसे बेताचे आहेत, तर वगळायचं काय? माझं डोकं यावर चालतं ते या खेळण्यांमुळे. म्हणून ऐकून घ्या.

आपल्यापैकी बहुतेकांनी हातात घेतलेला पहिला व्हिडिओ गेम म्हणजे ब्रिक गेम. ताकई-साजगावला कार्तिकी एकादशीपासून बोंबल्या विठोबाची जत्रा भरते. घरची मोठी माणसं सुके बोंबील, सोडे घ्यायच्या गडबडीत असायची आणि आपण खेळण्यांच्या दुकानापुढे पाय रोवून उभे. राखाडी रंगाचं ते लांबट यंत्र, खाली पिवळी किंवा लाल बटणं, आणि खोक्यावर छापलेलं असायचं, ९९९९ खेळ. प्रत्यक्षात खेळ मोजकेच होते. तेच वेग आणि पातळी बदलून पुन्हा पुन्हा मोजलेले. आपल्यातल्या काही जणांनी घरी गुण सांगताना हीच पद्धत वापरली, नावं घेत नाही.

त्या यंत्राचा पडदा म्हणजे रुंदीला १० आणि उंचीला २० चौकोन. सगळे मिळून २००. एक चौकोन एक तर काळा, नाही तर कोरा. तिसरी गोष्ट त्याला येतच नव्हती. आणि त्यात वरून पडणाऱ्या विटा रचायचा जो खेळ होता, तो मुळात टेट्रिस. अलेक्सी पाजितनोव्ह यांनी तो १९८४ साली मॉस्कोत तयार केला. १९८९ मध्ये जपानच्या निन्टेंडो कंपनीने गेम बॉय हे यंत्र आणलं आणि अमेरिकेत, युरोपात विकताना त्याच्यासोबत टेट्रिस दिला. गेम बॉयला कॅसेट बदलता यायची, चित्रं दिसायची, गाणी वाजायची. ते आपल्या खिशाला परवडणारं नव्हतं, आणि आपल्या गावात कुणी विकतही नव्हतं. मग चीनमधल्या कारखान्यांनी काय केलं? कॅसेट काढली, चित्रं काढली, गाणं एका कर्कश पिपाणीवर आणलं. सगळं काढत काढत २०० चौकोनांवर आले आणि तिथे थांबले. कारण त्याच्या खाली गेलं असतं तर टेट्रिसच उरला नसता.

म्हणजे परळ-दादरच्या एखाद्या मुलाच्या मामाने परदेशातून आणलेला गेम बॉय, आणि आपल्या हातातला जत्रेतला ब्रिक गेम, यांत किमतीचा फरक मोठा होता. पण उभी लांब वीट नेमकी हवी तेव्हा न येण्याचं दुःख दोघांनाही सारखंच होत होतं.

आता हा गेम बॉय केला कुणी? ज्यांनी केला ते मुळात माझ्यासारखे दुरुस्तीवाले, म्हणून मला त्यांच्याबद्दल जास्त आपुलकी. त्यांचं नाव गुनपेई योकोई. १९६५ साली ते निन्टेंडोत लागले. तेव्हा ती कंपनी क्योटो शहरात खेळायचे पत्ते बनवायची, आणि कारखान्यातली यंत्रं चालू ठेवणं हे योकोईंचं काम होतं. पुढे त्यांना खेळणी करायला बसवलं. त्यांचं एक सूत्र प्रसिद्ध आहे. त्याचा अर्थ साधारण असा, की वाळून गेलेल्या जुन्या तंत्राकडे जरा आडव्या बाजूने पाहा. मी आपल्या भाषेत त्याला मुरलेलं तंत्र म्हणतो. लोणचं जसं मुरतं, तसं. नवं तंत्र महाग असतं आणि ते कुठे दगा देईल हे कुणालाच ठाऊक नसतं. मुरलेल्या तंत्राच्या सगळ्या खोड्या माहीत झालेल्या असतात, आणि ते बनवणारे दहा जण झाल्यामुळे भावही उतरलेला असतो. कॅल्क्युलेटरचे पडदे असे स्वस्त झाल्यावर योकोईंनी १९८० मध्ये त्यांतून गेम अँड वॉच हे खिशातले खेळ काढले.

गेम बॉय आला तेव्हा तो नवा असूनही आतून जुनाच होता. पडदा हिरवट, चार छटांचा, मागे दिवा नाही. मेंदू १९७०च्या दशकातल्या ८०८० आणि झेड-८० या चिपांच्या घराण्यातला. त्याच वर्षी अटारी कंपनीचा लिंक्स आला, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गियर आला. दोघांनाही रंगीत पडदा, मागे दिवा. पण त्यांना सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते चार-पाच तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलवर दहा-पंधरा तास चालायचा. किंमत लिंक्सच्या जवळजवळ निम्मी. शर्यत कुणी जिंकली, ते सांगायला नको. गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त विकले गेले. योकोईंनी रंग सोडला आणि सेल वाचवले. ज्या घरात सेल विकत आणायला वडिलांची परवानगी लागते, तिथे ही निवड किती बरोबर होती, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आपण दहावीच्या परीक्षेला बसलो ते १९९६ साल. त्या वर्षी गेम बॉय सात वर्षांचा होऊन गेला होता. यंत्रांच्या दुनियेत म्हणजे म्हाताराच. त्याच वर्षी त्याची नवी आवृत्ती आली, गेम बॉय पॉकेट. आकाराने लहान, चारऐवजी दोन बारीक सेल, पडदा जास्त स्वच्छ. पण जुनी प्रत्येक कॅसेट त्यात चालायची. हे फार महत्त्वाचं आहे आणि आपल्या पिढीला ते चटकन कळेल. मे महिन्यात आपण पुढच्या वर्गातल्या मुलांकडून निम्म्या किमतीत पुस्तकांचा संच घ्यायचो. वर्तमानपत्राचं कव्हर, आत कुणीतरी गाळलेल्या जागा आधीच भरून ठेवलेल्या, आणि त्या चुकीच्या. पण धडा तोच, पान नंबर तोच. बाईंनी "पान ४२ उघडा" म्हटलं, की कोऱ्या पुस्तकवाल्याचं आणि जुन्या पुस्तकवाल्याचं पान एकच उघडायचं. घात व्हायचा तो अभ्यासक्रम बदलला की. मग तोच संच रद्दीत.

गेम कंपन्यांनी असे अभ्यासक्रम बदलल्याचीही उदाहरणं आहेत. २००५ मध्ये निन्टेंडोने गेम बॉय मायक्रो काढला. इतका नाजूक आणि देखणा, की शर्टाच्या खिशात मावेल. पण त्यात सगळ्यात जुन्या गेम बॉयच्या कॅसेटी चालेनाशा झाल्या. तो फारसा चालला नाही. सोनी कंपनीने २००९ मध्ये पीएसपी गो काढला. त्यात चकतीची जागाच ठेवली नाही, म्हणजे लोकांनी पैसे देऊन घेतलेल्या चकत्या नव्या यंत्रात घालायची सोय गेली. वर त्याची किंमत साध्या पीएसपीपेक्षा जास्त. तोही फार टिकला नाही. यंत्र लहान केलं म्हणजे ते सगळ्यांना सोपं झालं, असं होत नाही.

आता माझ्या टेबलावरची एक गोष्ट सांगतो. कशेळ्याकडे एका फार्महाउसवर राखण करणाऱ्या माणसाची तीन मुलं माझ्याकडे आली. कुणीतरी दिलेला, पुस्तकासारखी घडी होणारा गेम त्यांच्याकडे होता. दोन पडदे, मधे बिजागरी. तिघांत यंत्र एक. वाटणी अशी, की एकाने खेळायचं, दुसऱ्याने शेजारी बसून बघायचं आणि तिसऱ्याने पाचशेपर्यंत आकडे मोजायचे. आकडे संपले की पाळी बदलायची. धाकट्याचे पाढे कसे असतील माहीत नाही, पण मोजणी पक्की झाली होती. दिवसभर उघडमीट होऊन बिजागरी तुटली होती आणि वरचा पडदा काळा पडला होता.

या यंत्रांत वरच्या पडद्याकडे जाणारी तारांची पट्टी बिजागरीच्या पोकळीतून, गुंडाळी होऊन जाते. कागदापेक्षा थोडी जाड असते. उघडमिटीत तीच आधी फाटते. मी भंगारातल्या एका यंत्राची पट्टी काढून बसवली. त्यात तीन संध्याकाळी गेल्या. बिजागरी मात्र मिळेना. लॅमिंग्टन रोडला विचारलं, तिथेही नाही. शेवटी मी मागून एक पातळ पट्टी लावली, दोन स्क्रू मारले आणि यंत्र कायमचं उघडंच पक्कं करून टाकलं. घडी गेली. मुलांपैकी मोठी मुलगी आठवीत होती. तिने ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "काका, आता यात सगळे गेम चालतील ना? का थोडेच?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. घडी गेली याचं तिला काही वाटलं नव्हतं. दुसऱ्याचे उतरलेले कपडे घालणाऱ्या मुलांना सवयीने माहीत असतं, की कुठेतरी एक बटण कमी असणार. तिला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की कमी झालंय ते नेमकं काय. मी म्हटलं, सगळे चालतील. मग ती हसली.

जे मी नाइलाजाने केलं, तेच निन्टेंडोने २०१३ मध्ये ठरवून केलं होतं. ती कथा ऐकण्यासारखी आहे. २०११ मध्ये त्यांनी थ्री-डीएस आणला. चष्मा न लावता चित्र खोल दिसायचं, त्रिमितीत. अमेरिकेत किंमत २५० डॉलर. लोकांनी पाठ फिरवली. सहा महिन्यांच्या आत किंमत १७० डॉलरवर आणावी लागली, आणि कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा करून घेतला. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, त्याची स्वस्त आवृत्ती आली, टू-डीएस. किंमत १३० डॉलर.

त्यातून काय काढलं? आपल्या कर्जत स्टेशनवर उभं राहून विचार केला तर लगेच कळतं. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं लावत आले आहेत. ती लागेपर्यंत प्रवासी खाली उतरून वडा घेतात. पण ती इंजिनं घाटापुरती. लोणावळ्याला ती सोडतात. पुढे सपाटीवर ती ओढत नेण्यात अर्थ नसतो. थ्री-डीएसमधली त्रिमिती अशीच होती. ती कमी-जास्त करायला, बंद करायला बाजूला एक सरकतं बटण होतं, आणि ती बंद ठेवूनही सगळे खेळ खेळता यायचे. शिवाय सहा वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांनी त्रिमिती वापरू नये, असं कंपनीच सांगत होती. स्वस्त यंत्र मुख्यतः लहान मुलांसाठीच करायचं होतं. मग ते इंजिन कशाला लावून ठेवायचं? काढलं.

दुसरी गेली बिजागरी. लहान मुलांच्या हातात पहिल्यांदा तुटणारी वस्तू तीच. यंत्र एका पाचरीसारखं, सलग केलं. उघडून पाहिलं तर आणखी एक गंमत दिसते. वरून दोन पडदे दिसतात, पण आत काच एकच आहे. वरच्या कवचाने मधला भाग झाकून तिचे दोन केलेत. दोन स्पीकरांचा एक केला, पण कानात हेडफोन घातला तर दोन्ही बाजूंचा आवाज वेगवेगळा येतोच. मिटलं की झोपायची सोय गेली, तिच्या जागी एक सरकतं बटण आलं. ध्यान दिसायला असं, की लोक हसले.

ठेवलं काय? जुन्या डीएसच्या आणि थ्री-डीएसच्या कॅसेटी चालणं ठेवलं. शेजारच्या मुलाच्या यंत्राशी बिनतारी जोडून खेळणं ठेवलं. आणि ते बाजारात कधी आणलं, बघा. १२ ऑक्टोबर २०१३. त्याच दिवशी पोकेमॉन एक्स आणि वाय हे खेळ जगभर आले, ज्यांची मुलं वाट पाहत होती. स्वस्त यंत्रवाल्या मुलाला "तुझ्यासाठी नंतर येईल" किंवा "तुझ्यासाठी थोडा वेगळा आहे" असं कुणी म्हटलं नाही. तोच खेळ, त्याच दिवशी, महागड्या यंत्रवाल्याशी जोडून.

आता याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवतो. २०११ मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या प्रदर्शनात सोनीने पीएसपीची स्वस्त आवृत्ती जाहीर केली, ई-१०००. किंमत ९९.९९ युरो. पडदा चांगला, चकतीची जागा परत ठेवलेली, जुने खेळ चालणार. हे सगळं ठीक. पण पैसे वाचवायला त्यांनी वायफाय काढलं. पीएसपीवर समोरासमोर बसून यंत्रं बिनतारी जोडायची आणि एकत्र खेळायचं, ते या वायफायच्याच भागावर चालायचं. जपानमध्ये मॉन्स्टर हंटर हा खेळ गाजला तो अशा चार-चार मित्रांच्या टोळक्यांमुळे. तो एक भाग काढला आणि स्वस्त यंत्रवाला मुलगा कट्ट्यावर असूनही एकटा पडला. माझ्या दुकानात मुलं दोन यंत्रं घेऊन येतात, तेव्हा चार्जरच्याही आधी विचारतात, ही एकमेकांना जोडता येतील का? त्यांच्या लेखी यंत्र म्हणजे खेळण्याचा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे शेजारचा मित्र.

तिसरं उदाहरण मधलं आहे. २०१९ चा स्विच लाइट. तेव्हा मोठ्या स्विचची किंमत ३०० डॉलर होती, याची २००. टीव्हीला जोडायची सोय काढली, दोन्ही बाजूंचे सुटे होणारे कंट्रोलर कायमचे जोडून टाकले. हातात धरून खेळायचे खेळ तेच राहिले आणि मित्राशी जोडणंही राहिलं. ज्याच्या घरी टीव्ही सासू-सासऱ्यांच्या मालिकांना बांधलेला आहे, त्याचं टीव्हीवाचून काही अडत नाही. पण दुरुस्तीवाला म्हणून मला एक गोष्ट दिसते. मोठ्या यंत्राची कांडी बिघडली तर तेवढा कंट्रोलर बाजूला काढता येतो आणि बाकीचं यंत्र चालू राहतं. इथे कांडी बिघडली की अख्खं यंत्र उघडावं लागतं. खरेदीत वाचलेला खर्च दुरुस्तीत परत दारात उभा राहतो.

तर तीस वर्षांत हजारो यंत्रं उघडून मी काढलेला हिशेब एवढाच आहे. स्वस्तातली वस्तू दोन तऱ्हांची असते. एक म्हणते, "तुम्हाला एवढं पुरे." दुसरी म्हणते, "तुम्हालाही तेच, फक्त झगमगाट काढून." दोन्हींची किंमत सारखी असू शकते. फरक असतो तो काय वगळायचं हे ठरवणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोण होतं, यात.

आता येतो आपल्या विषयावर. शाळेसाठी पैसे जमलेत, पण अमाप नाहीत. माझ्या कानावर दोन प्रस्ताव आलेत. एक, पहिल्या दहा क्रमांकांच्या मुलांना नवेकोरे टॅब द्यायचे. दुसरा, त्याच पैशांत जास्त संख्येने वापरलेले संगणक घेऊन, नीट करून, शाळेत एक खोली उभी करायची. पुण्यात आयटीत असलेल्या आपल्या मित्राचं म्हणणं आहे, की जुना माल घेऊ नये, नव्याला वॉरंटी मिळते. त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. जुन्या मालात फसगत होते, आणि वाईट माल शाळेच्या माथी मारणं हे पाप आहे. तरीही माझं मत दुसऱ्या प्रस्तावाला आहे, आणि त्याची कारणं सांगतो.

पहिलं कारण, मुरलेलं तंत्र. गेल्या वर्षी १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. त्यापुढची विंडोज ११ बऱ्याच जुन्या संगणकांवर चालत नाही. त्यामुळे ऑफिसांतून चांगले धडधाकट संगणक बाहेर पडताहेत. त्यांच्यावर लिनक्स घालता येतं, आणि ते फुकट आहे. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम वाढवली, की शाळेच्या कामाला ते पुष्कळ झालं. त्यांचे भाग सुटे मिळतात, स्क्रूने उघडतात. टॅब बहुतेक गोंदाने चिकटवलेला असतो. तो गरम करून उघडावा लागतो. त्याची बॅटरी काही वर्षांत फुगते. टेबलावरच्या संगणकात फुगणारी बॅटरी नसते.

दुसरं कारण, आपला पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतींना ओल येते आणि वीज लपंडाव खेळते. तेव्हा वगळायचं काय? पातळपणा वगळा. कॅमेरे वगळा. चकचकीत खोकी वगळा. खोलीच्या दारावर आपल्या तुकडीच्या नावाची पितळी पाटी आहे, तीही वगळा, तेवढ्यात दोन कीबोर्ड येतील. पण अर्थिंग, यूपीएस आणि जमिनीपासून वर असलेली वायरिंग यांतला रुपयाही कमी करू नका. आणि जमलेल्या रकमेचे दहा भाग केले, तर दोन भाग पुढच्या वर्षांच्या दुरुस्तीसाठी शाळेच्या नावाने बाजूला ठेवा. खरेदीच्या दिवशी सगळे फोटोला उभे राहतात. तीन वर्षांनी माउस बिघडतो तेव्हा कुणी नसतं.

तिसरं कारण मला सगळ्यात जवळचं आहे. दहा जणांना टॅब म्हणजे बाकीच्यांनी शेजारी उभं राहून बघायचं. खोली केली, तर पळसदरीहून, केळवलीहून, डोळवलीहून खोपोलीच्या गाडीने येणारं पोर, वाडीवरून पायी येणारं पोर आणि गाडीतून सोडलं जाणारं पोर, सगळ्यांच्या पुढे तोच पडदा असेल, तोच धडा असेल, आणि बाजूला कुणीतरी मित्र असेल. एका संगणकावर दोघं बसली तरी चालतील. दोघांत एक हे खेळण्याला आणि शिकण्यालाही बरंच असतं. पाचांत एक झालं, की तिसरा खिडकीबाहेर बघायला लागतो. हे आपण स्वतः करून पाहिलेलं आहे.

या मेळाव्याच्या तयारीसाठी गेले दोन महिने आपण फोनवर बोलत होतो. बोलता बोलता कळलं, की आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांची फी माफ होती. दहावी होईपर्यंत आपल्याला हे माहीतच नव्हतं. बाईंनी, सरांनी ती नावं वर्गात कधी वाचून दाखवली नाहीत. सहलीला पैसे कुणी भरले आणि कुणाचे भरले गेले, हे आपल्याला आजही माहीत नाही. या शाळेकडेही पैसे बेताचेच होते. पत्रे गळायचे, प्रयोगशाळेत एकच चांगला सूक्ष्मदर्शक होता. पण त्याच्यावर डोळा लावायची पाळी प्रत्येकाला आली. काय वगळायचं आणि काय कधीच वगळायचं नाही, हे इथल्या शिक्षकांनी आपल्यासमोर रोज केलं. आपल्याला ते दिसलं नाही, इतकं ते नीट केलेलं होतं. त्यांना आज इथे, सगळ्यांसमोर, वाकून नमस्कार करतो.

माझ्याकडून एक शब्द देऊन ठेवतो. खोली झाली, तर महिन्यातला एक शनिवार मी येईन. आठवी-नववीच्या मुलामुलींना यंत्र उघडायला, साफ करायला, डाग द्यायला शिकवीन. खोडरबरने पट्टीचे संपर्क कसे पुसतात आणि चॉकलेटच्या चांदीने रिमोटचं बटण कसं जिवंत होतं, एवढ्यापासून सुरुवात करू. ज्या मुलाला यंत्र उघडता येतं, त्याला त्यातून काय काढलंय हे कुणाला विचारावं लागत नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या ऑफिसांतून संगणक निघणार असतील, त्यांनी जेवताना मला गाठा. चालू आहे का, एवढंच सांगा. चालू नसला तरी सांगा.

दुपारी मतं मोजाल तेव्हा माझं एक मत मोजा. ब्रिक गेमसारखं ९९९९ करू नका. पानं वाढल्याची खूण संयोजक मघापासून करताहेत, तेव्हा थांबतो.